प्रश्न क्रमांक ४८: अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या सभासदांना खुलं पत्र

एडिसन, न्यू जर्सी
नोव्हेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी शंभर प्रश्नांची ती यादी आपण सगळ्यांनी पाठ केली. कुणी गाडीत सीडी लावून, कुणी पोळ्या लाटता लाटता मुलांकडून प्रश्न विचारून घेऊन. त्यातला अठ्ठेचाळिसावा प्रश्न आठवतोय? मतदान कोण करू शकतं याविषयी घटनेत चार दुरुस्त्या आहेत, त्यांतली एक सांगा. चार उत्तरं छापलेली होती, एक आलं की काम झालं. मी सगळ्यांत सोपं उचललं: अठरा वर्षं पूर्ण झालेला नागरिक. माझ्या नवऱ्यानेही तेच. मध्यंतरी ओळखीतल्या दहाबारा जणांना सहज विचारलं, तर एकूण एक सगळे अठरा वर्षंवाले निघाले. ‘कोणत्याही वंशाचा पुरुष नागरिक मत देऊ शकतो’ हे उत्तर त्याच पानावर होतं. ते कुणीच पाठ केलं नव्हतं.

हे पत्र त्या राहून गेलेल्या उत्तराबद्दल आहे.

निमित्तही सांगते. यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सभागृहाबाहेर मतदार नोंदणीचं एक टेबल लावू द्या, अशी विनंती मी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला केली होती. उत्तर आलं, ‘मंडळात राजकारण नको.’ ते मी समजू शकते. मंडळं कशावरून फुटतात हे मी तीस वर्षं बघते आहे. पण फोन ठेवता ठेवता एक गृहस्थ म्हणाले, ‘आणि ते मतदान हक्काचं वगैरे जे चाललंय ना, तो त्यांचा प्रश्न आहे. आपला नाही.’ ‘त्यांचा’ म्हणजे कुणाचा, ते आपल्याला बरोब्बर कळतं. आपण घरात त्यांच्याविषयी कोणत्या शब्दांत बोलतो तेही ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही.

तर त्यांचा प्रश्न काय, तो आधी बघू.

लुइझियाना राज्यातले सुमारे एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय आहेत. राज्याला काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, सहा जागा. २०२० च्या जनगणनेनंतर विधिमंडळाने नकाशा आखला तेव्हा सहापैकी एकाच मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य राहतील अशी तजवीज झाली. हे कसं करतात ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आपण महापालिकांच्या प्रभागरचना बघत मोठे झालो. एखादी वस्ती जड जाते असं दिसलं की रेघ बरोबर तिच्या मधोमध जाते. अर्धी वस्ती या प्रभागात, अर्धी त्या, आणि दोन्हीकडे ती अल्पमतात. किंवा उलट, चार वस्त्या एकाच प्रभागात कोंबायच्या, म्हणजे बाकीचे तीन मोकळे. नालासुद्धा पुणे-मुंबईत प्रभागाची हद्द ठरवताना सोयीप्रमाणे वळतो. अमेरिकेत हेच शंभर वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. फरक एवढाच, की १९६५ पासून इथे त्याविरुद्ध कोर्टात जायला एक भक्कम कायदा होता, मतदान हक्क कायदा.

मतदानात वंशावरून भेदभाव नको असं सांगणाऱ्या त्याच्या दुसऱ्या कलमाखाली लुइझियानाचे मतदार कोर्टात गेले. फेडरल न्यायालयाने सांगितलं की नकाशा बहुधा बेकायदा आहे, दुसरा कृष्णवर्णीय बहुसंख्य मतदारसंघ आखा. जानेवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने नवा नकाशा केला. त्यातला सहावा मतदारसंघ श्रीव्हपोर्टपासून बॅटन रूजपर्यंत सुमारे २५० मैल सापासारखा पसरला. त्याच्या वाकड्यातिकड्या आकारावर पुढे बरीच टीका झाली, पण तो आकार मुख्यत्वे सभापती माइक जॉन्सन आणि स्टीव्ह स्कलीस यांच्यासारख्या बड्या मंडळींच्या जागा शाबूत ठेवण्यासाठी होता, हे राज्यानेच कोर्टात सांगितलं आहे. मग स्वतःची ओळख ‘बिगर आफ्रिकन अमेरिकन मतदार’ अशी देणारा एक गट उलट कोर्टात गेला: हा नकाशा वंशाचा विचार करून काढलाय, म्हणून आमच्यावर अन्याय. तेच लुइझियाना विरुद्ध कॅले प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते ऐकलं, निकाल दिला नाही, आणि ऑगस्टमध्ये नवाच प्रश्न पक्षकारांपुढे ठेवला: असा दुसरा मतदारसंघ मुद्दाम आखणं हाच चौदाव्या किंवा पंधराव्या घटनादुरुस्तीचा भंग आहे का? १५ ऑक्टोबरला फेरसुनावणी झाली. ज्या राज्याने नकाशा केला तेच राज्य आता त्याच्या विरुद्ध बाजूला उभं होतं, आणि केंद्र सरकारचे वकीलही. हे पत्र लिहिताना निकाल यायचा आहे.

चौदावी दुरुस्ती सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देते. पंधरावी दुरुस्ती म्हणजे तेच आपलं न पाठ केलेलं उत्तर. १८७० साली, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना मत मिळावं म्हणून केलेली. त्या दुरुस्तीच्या आधारे त्यांचंच संरक्षण काढून घेता येतं का, असा हा प्रश्न आहे. मला तो पहिल्यांदा वाचला तेव्हा नीट कळला नाही, दोनदा वाचावा लागला.

१८७० ते १९६५ या पंचाण्णव वर्षांत काय झालं ते यादीतल्या कोणत्याच उत्तरात नव्हतं. कायद्याने मत होतं, हातात नव्हतं. नोंदणी कचेरीत गेलं की राज्यघटनेतला एखादा उतारा पुढे ठेवायचे: वाच आणि अर्थ सांग. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा एकटा गोरा कारकून. त्याच्यापुढे शाळामास्तरसुद्धा नापास व्हायचे. त्यात मतदानाचा कर. आणि नाव नोंदवायला गेलात हे मालकाला कळलं की नोकरी जायची, कधी घर जाळलं जायचं. अलाबामातलं सेल्मा गाव ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे निम्म्याहून जास्त लोकसंख्या कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यातल्या पात्र मतदारांपैकी नोंदलेले शेकडा दोनच्या आसपास. १९६५ च्या फेब्रुवारीत शेजारच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. ७ मार्चला सुमारे सहाशे लोक एडमंड पेटस पुलावर गेले. पुलाच्या पलीकडे घोडेस्वार, दंडुके, अश्रुधूर. पुढे अनेक वर्षं काँग्रेसमध्ये असलेल्या जॉन लुइस यांची कवटी त्या दिवशी फुटली. पाच महिन्यांनी, ६ ऑगस्टला, लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. मिसिसिपीत त्याआधी कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्के होती. १९६७ साली ती जवळजवळ ६० टक्क्यांवर गेली. दोन वर्षांत! एका कायद्याने एवढा फरक पडल्याची उदाहरणं जगात फार नसतील.

आता तारखा पाहा. ६ ऑगस्ट १९६५ ला ही सही. ३ ऑक्टोबर १९६५ ला त्याच राष्ट्राध्यक्षांची दुसरी सही, स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी बसून, नव्या स्थलांतर कायद्यावर. काँग्रेस तीच, वारं तेच. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता, आणि तोही १९४६ पासून. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की तू गोरा नाहीस, म्हणून तू नागरिक होऊ शकत नाहीस. १९६५ नसतं तर आमचे काका सत्तर साली आठ डॉलर खिशात घालून इथे उतरले नसते, त्यांनी पुढे कुणाला बोलावलं नसतं, आणि आपण अधिवेशनात नाटकाच्या तिकिटांवरून भांडलो नसतो. वंशानुसार माणसाची किंमत ठरवणं चुकीचं आहे, हे या देशाच्या गळी कुणी उतरवलं? आपण नव्हे. आपण तयार दारातून आत आलो.

हा कायदा एका घावात मोडलेला नाही. वाड्याचं लाकूड जसं एकेक वासा करून नेतात तसा तो उतरवला जातो आहे.

त्याच्या पाचव्या कलमाचा धाक मोठा होता. ज्या राज्यांचा इतिहास वाईट त्यांनी मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी आणायची. आपल्या भाषेत, आधी एनओसी, मग बांधकाम. २५ जून २०१३ ला शेल्बी काउंटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणती राज्यं यात मोडतात ते ठरवणारं सूत्र जुनं झालं म्हणून रद्द केलं. पाचवं कलम पुस्तकात तसंच आहे, फक्त ते कुणालाच लागू होत नाही. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिलं, की पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखं हे आहे. मृगात शाळेत गेलेल्या कुणालाही ही उपमा समजावून द्यावी लागणार नाही. त्याच दिवशी टेक्सासने जाहीर केलं की आमचा अडवून ठेवलेला ओळखपत्राचा कायदा आता लागू. त्यात बंदुकीचा परवाना चालत होता, कॉलेजचं ओळखपत्र चालत नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनाने दोन महिन्यांच्या आत असाच कायदा केला. तो रद्द करताना २०१६ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, की कृष्णवर्णीय मतदारांवर शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने नेम धरलेला आहे. पण मधली तीन वर्षं? २०१४ ची निवडणूक होऊन गेली. कोर्टात जिंकलेली निवडणूक मागे जाऊन पुन्हा घेता येत नाही. अलाबामात तेच झालं: जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने नकाशा अडवला, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, २०२२ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली, आणि जून २०२३ मध्ये निकाल आला की तो नकाशा बेकायदाच होता.

उरलं दुसरं कलम. तिथे सगळा खेळ एका शब्दाभोवती आहे: हेतू. १९८० मध्ये अलाबामातल्या मोबाइल नावाच्या शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भेदभावाचा हेतू सिद्ध करा. आता हेतू काय कुणी कागदावर लिहून ठेवतं? म्हणून १९८२ मध्ये काँग्रेसने कलमच बदललं: हेतू राहू दे, परिणाम बघा. आणि प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क यातून निघत नाही, हेही स्पष्ट लिहिलं. राखीव जागांचा कायदा म्हणून जे याला नावं ठेवतात त्यांनी ते वाक्य वाचावं. आता चाळीस वर्षांनी गाडी पुन्हा हेतूकडे ओढली जाते आहे.

आता ‘आपला प्रश्न नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दोन निकाल, जे वर्तमानपत्रात आतल्या पानावर गेले.

पहिला, आठव्या सर्किटचा. सर्किट म्हणजे काही राज्यांचं मिळून एक केंद्रीय अपील न्यायालय. नोव्हेंबर २०२३ मध्ये या अपील न्यायालयाने आर्कान्साच्या खटल्यात म्हटलं की दुसऱ्या कलमाखाली मतदाराला स्वतः किंवा त्याच्या संघटनेला दावा लावताच येत नाही. फक्त देशाच्या अ‍ॅटर्नी जनरलने लावायचा. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी हिशोब मांडला: चाळीस वर्षांत या कलमाखाली यशस्वी झालेल्या किमान १८२ खटल्यांपैकी फक्त १५ एकट्या अ‍ॅटर्नी जनरलने लावलेले होते. म्हणजे चोरी झाली तर तक्रार तुम्ही द्यायची नाही, फौजदाराला वाटलं तर तो देईल. आणि फौजदार कुणाचा, ते दर चार वर्षांनी बदलतं. यंदाच्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने नॉर्थ डकोटातल्या आदिवासी जमातींना उरलेली दुसरी वाटही, एका जुन्या नागरी हक्क कायद्याच्या आधाराने दावा लावायची, बंद केली. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली आहे, एवढाच दिलासा. या सर्किटमध्ये सात राज्यं येतात, आणि त्यांत मिनेसोटा, आयोवा, मिझुरी आहेत. मिनिॲपोलिस आणि सेंट लुइसच्या मंडळींनो, तुम्ही त्यात आहात. मिनेसोटाने निदान २०२४ मध्ये स्वतःचा राज्य पातळीवरचा मतदान हक्क कायदा करून घेतला.

दुसरा, पाचव्या सर्किटचा, आणि हा मला जास्त बोचतो. टेक्सासातल्या गॅल्व्हस्टन काउंटीत चारपैकी एका विभागात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मिळून बहुसंख्य होते. दोघांपैकी एकटं कुणीच पुरेसं नव्हतं. २०२१ मध्ये तो विभाग मोडला. ज्या न्यायाधीशांनी तो नकाशा बेकायदा ठरवला त्यांची नेमणूक ट्रम्प यांनी केलेली होती, म्हणजे पक्षाचा प्रश्न नव्हता. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने स्वतःचाच छत्तीस वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला: वेगवेगळ्या अल्पसंख्याक गटांनी मिळून दुसऱ्या कलमाचा आधार घेता येणार नाही. प्रत्येकाने स्वतःच्या जिवावर बहुसंख्य असलं पाहिजे.

आता टेक्सासातल्याच शुगरलँड, केटी, फ्रिस्कोच्या लोकांनी जरा आकडेमोड करावी. देशातल्या एकाही काँग्रेस मतदारसंघात भारतीय वंशाचे लोक निम्मेसुद्धा नाहीत. मराठी तर सोडाच. उद्या तुमची वसाहत शाळा मंडळाच्या निवडणुकीत तीन तुकड्यांत कापली, तर दाद मागायला तुम्हाला शेजारचे चिनी, व्हिएतनामी, लॅटिनो, कृष्णवर्णीय हातात हात घालून लागणार. कायदा म्हणतोय, हात सोडा, एकेकटे या. ‘त्यांचा प्रश्न’ इथे संपतो बरं का.

मला ठाऊक आहे, आपल्यातल्या पुष्कळांना कोर्टाचं म्हणणं मनापासून पटतं. कायद्याने वंश बघूच नये, सगळ्यांना एकच माप. जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशांचा निकाल लागला, प्रवेश देताना वंश बघायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. आपल्या मुलांवर अन्याय होत होता असं मलाही काही अंशी वाटतं, मी त्यावर इथे वाद घालत नाही. पण त्याच निकालातलं तत्त्व आज लुइझियानाच्या नकाशाविरुद्ध वापरलं जातंय, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. कॉलेजची जागा एकाला मिळाली तर दुसऱ्याची जाते. मतदारसंघाच्या नकाशात कुणाचंही मत जात नाही. प्रत्येकाचं एक मत शिल्लकच असतं. प्रश्न इतकाच, की काही लोकांचं मत दर वेळी वाया जाईल अशा रीतीने रेघ मारली आहे का.

आणि ‘आम्ही रंग बघत नाही’ हे म्हणायला ज्याचा रंग आड येत नाही त्याला सोपं असतं. हे आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको होतं. आपल्याकडे ‘आम्ही जात मानत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा कोणत्या घरांत ऐकू येतं?

बाबासाहेबांचा फोटो हल्ली बऱ्याच मंडळांत १४ एप्रिलला लागतो, चांगलं आहे. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याला काय घडलं ते मात्र आपण ‘पुणे करार’ या दोन शब्दांत गुंडाळतो. ब्रिटिशांच्या निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, पण त्यांवर निवडून कोण येणार ते त्यांचे त्यांनी ठरवायचं होतं. गांधीजींच्या उपोषणापुढे करार झाला तेव्हा जागा १४८ झाल्या, पण शेवटचं मतदान सगळ्यांचं एकत्र. जागा दुपटीहून वाढल्या, आणि पसंती हातची गेली. मग राखीव जागेवर निवडून कोण येणार? जो बहुसंख्य सवर्ण मतदारांना चालेल तो. ही सल बाबासाहेबांनी पुढे वर्षानुवर्षं बोलून दाखवली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या कलमाची कसोटी ठरवली तेव्हा तिच्या गाभ्याशी हाच प्रश्न होता: या लोकांच्या पसंतीचा उमेदवार, बहुसंख्य लोक एकगठ्ठा मतं देऊन दर वेळी पाडतात का? उमेदवाराचा रंग कोणता, हे कसोटीत शेवटी येतं. तो कुणाच्या पसंतीचा, हे आधी. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांना हे साम्य दिसत होतं. १९४६ मध्ये त्यांनी इथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. डुबॉइस यांचं उत्तरही आलं. आपल्यापैकी कुणी इथे पोचायच्या आधी हा पत्रव्यवहार झालेला आहे.

हा प्रश्न सरळ नाही, हेही कबूल करते. २०२२ मध्ये बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आपण सगळे खूष झालो. मीही झाले. मराठीत भाषण करणारा माणूस कॅपिटॉलमध्ये! त्याच निकालाने डेट्रॉइट शहराला पन्नासच्या दशकानंतर पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ठाणेदार नियमाने लढले आणि नियमाने जिंकले, प्राथमिक फेरीत बरेच उमेदवार होते आणि मतं फुटली. त्यांचा दोष नाही. पण आपला आनंद ज्या दिवशी होता त्या दिवशी डेट्रॉइटमध्ये काही लोक काय गमावलं ते मोजत होते, हे आपल्या कानावर तरी आलं का? माझ्या नव्हतं आलं. फार नंतर वाचलं.

आता घरातली गोष्ट. माझी आई माहेरची बडोद्याची. घर मराठी, शाळा गुजराती. तिचं इंग्रजी दुकानापुरतं. वयामुळे आणि इथल्या वास्तव्यामुळे तिला नागरिकत्वाची मुलाखत दुभाष्यामार्फत मराठीत देता आली. पहिल्यांदा मत द्यायला गेलो तेव्हा मी तिच्याबरोबर पडद्यामागे जाऊ लागले, तर केंद्रावरच्या बाईंनी अडवलं. एका वेळी एकच. मागे रांग. आई म्हणाली, जाऊ दे गं, चल घरी. तेवढ्यात रांगेतले एक गुजराती काका इंग्रजीत म्हणाले, कलम दोनशे आठ बघा. बाईंनी कचेरीत फोन लावला, दहा मिनिटं गेली, रांगेतले लोक घड्याळं बघायला लागले. मग एका कागदावर माझी सही घेतली आणि सोडलं. ज्याला वाचता-लिहिता येत नाही त्या मतदाराला आपल्या विश्वासाचा माणूस बरोबर नेता येतो, हे कलम मतदान हक्क कायद्यात १९८२ मध्ये घातलेलं आहे. मला ते त्या दिवशी कळलं. काकांना कसं माहीत होतं कोण जाणे.

कुठे कोणत्या भाषिक गटाला त्याच्या भाषेत मतपत्रिका द्यायची ते सांगणाऱ्या जनगणना खात्याच्या २०२१ च्या यादीनंतर आमच्या मिडलसेक्स काउंटीत गुजराती मजकूर आला. मराठी नाही, याचा माझा किंचित हिरमोड झाला, खोटं कशाला सांगू. पण आईची चंगळ झाली. या ४ नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी तिने नमुना मतपत्रिका डायनिंग टेबलवर पसरली, चष्मा पुसला, आणि बोट ठेवून शाळेतल्यासारखी मोठ्याने वाचली. ‘राज्यपाल’ला गुजराती शब्द काय लिहिलाय त्यावर तिचा आक्षेप होता. मग स्वतः गेली, स्वतः मत दिलं, मला गाडीत बसायला सांगितलं. ज्यामुळे हा मजकूर छापला जातो ते भाषेचं कलम १९७५ मध्ये आलं. तेव्हा ते मिळावं म्हणून काँग्रेसमध्ये धडपडलेल्यांत ह्यूस्टनच्या बार्बरा जॉर्डन होत्या. स्वतः कृष्णवर्णीय. टेक्सासातल्या मेक्सिकन लोकांसाठी त्यांनी तो प्रश्न लावून धरला. आमच्या आईचं नाव त्यांच्या मनात असायचं कारण नव्हतं. त्या कलमाची मुदत २०३२ मध्ये संपते. मुदतवाढ द्यायची की नाही हे तेव्हाची काँग्रेस ठरवेल. २००६ मध्ये हा कायदा सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० मतांनी वाढवला होता. आज तसं होईल असं मानणारा मला अजून भेटलेला नाही.

म्हणून माझ्या मागण्या, फार नाहीत. मंडळाने कुणाला मत द्या असं सांगू नये, कुठल्या पक्षाला बोलावू नये. पण धर्मादाय संस्था म्हणून करसवलत जाईल ही भीती खोटी आहे. पक्ष न बघता मतदार नोंदणी करायला ५०१ सी ३ संस्थांना मोकळीक आहे, कायदेशीर सल्ला हवा तर आपल्यातच वकील काय कमी आहेत? नोंदणीचे अर्ज ठेवा. निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर काम करायला माणसं लागतात, निवृत्त मंडळींनी नावं द्यावीत. त्यांना पैसेही मिळतात. कुणाची आई अडवली गेली तर फोन कुणाला करायचा, हे माहीत असलेला एक तरी माणूस तिथे असेल. शाळा मंडळाचे, काउन्सिलचे नकाशे बदलतात तेव्हा हरकतींसाठी सुनावणी असते. गावी प्रभागरचनेवर हरकती नोंदवणारे आपण, इथे त्या खुर्च्या रिकाम्या ठेवतो. न्यू जर्सीच्या लोकांनी ट्रेंटनला आपल्या आमदारांना पत्र लिहावं. जॉन लुइस यांच्या नावाचा राज्याचा मतदान हक्क कायदा तिथे रखडला आहे. दिल्लीश्वर काय करतील ते करोत, म्हणजे वॉशिंग्टनचे. राज्याचा कायदा राज्याला करता येतो, न्यूयॉर्क आणि कनेटिकटने केला.

आणि ज्यांनी ‘तो त्यांचा प्रश्न’ म्हटलं त्या गृहस्थांना: तुमच्यावर राग नाही. तुम्ही माझ्या मुलाला तबला शिकवलात. एकदा चहाला या, आई मतपत्रिका वाचून दाखवेल.

संक्रांतीच्या कार्यक्रमाची तारीख कळली की सांगा. तिळगूळ जिथे वाटतात त्याच्या शेजारी सहा फूट जागा पुरेल. टेबल आमच्या गराजमध्ये आहे, घडीचं. पेनं मी आणते, गेल्या वेळी हळदीकुंकवाला सगळी गायब झाली होती.

आपलीच,
एक आजीव सभासद